गोळी गिळण्याआधी: टेनिस खेळणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी डोपिंगचे नियम कसे सांभाळायचे

एआयटीएची (अखिल भारतीय टेनिस संघटनेची) नोंदणी झाली, राज्य पातळीवरच्या स्पर्धांत नाव लागलं किंवा आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) ज्युनियर स्पर्धांसाठी आयपिन हा खेळाडू क्रमांक काढला, की खेळाडू डोपिंगविरोधी नियमांच्या कक्षेत येतो. मग तो ठाण्यात शाळा सांभाळून खेळणारा असो, नाहीतर नेरूळहून रोज दोन वेळा कोर्टवर जाणारा. बहुतेक घरांत मात्र हा विषय टीव्हीवरच्या मोठ्या खेळाडूंचा समजला जातो आणि पहिला प्रश्न पडतो तो थेट चाचणीचं पत्र हातात आल्यावर.

नियम कडक आहे. नमुन्यात जे सापडलं, त्याची जबाबदारी खेळाडूची. कुणी दिलं, चुकून गेलं का, डॉक्टरांनी लिहून दिलं होतं का, या गोष्टी शिक्षा किती व्हायची ते ठरवतात. नियम मोडला की नाही, हे त्यांवर ठरत नाही. २०१९ मध्ये पृथ्वी शॉच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं. खोकल्याचं औषध घेतल्याचं त्याचं स्पष्टीकरण मान्य झालं, तरी ८ महिन्यांची बंदी बसलीच. तो क्रिकेटपटू, पण यादी सगळ्या खेळांना जवळजवळ तीच आणि आपल्या घरांत बाटल्याही त्याच.

आपल्याकडच्या मुलांना सगळ्यात मोठा धोका कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून, केमिस्टकडून, आजोबांच्या औषधांच्या डब्यातून आणि जिममध्ये मिळणाऱ्या पावडरीतून येतो. म्हणून या लेखातला जास्त भाग तिथेच खर्च केला आहे.

कोण कशासाठी जबाबदार

प्रतिबंधित पदार्थांची यादी वाडा ही जागतिक संस्था तयार करते. ती दरवर्षी १ जानेवारीला लागू होते आणि साधारण तीन महिने आधी जाहीर होते. ऑक्टोबरमध्ये नवी यादी आली की कुटुंबातल्या एकाने तरी बदल वाचून काढायचे, हे काम वहीत लिहून ठेवा. मेल्डोनियम १ जानेवारी २०१६ ला यादीत आलं. मारिया शारापोवा ते औषध अनेक वर्षं वेगळ्या नावाने घेत होती आणि त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तिचा नमुना पॉझिटिव्ह आला. दोन वर्षांची बंदी झाली, ती अपिलात १५ महिन्यांवर आली. काल चालणारं औषध आज चालेलच असं नाही.

आंतरराष्ट्रीय टेनिसचा डोपिंगविरोधी कार्यक्रम २०२२ पासून आयटीआयए (आंतरराष्ट्रीय टेनिस इंटिग्रिटी एजन्सी) चालवते. देशांतर्गत चाचण्या नाडा ही राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था करते.

सॉल्ट वाचायची सवय

औषधाचं ब्रँडनाव विसरा. स्ट्रिप उलटी करा किंवा बाटलीचं लेबल फिरवा आणि बारीक अक्षरातली घटकद्रव्यं वाचा. केमिस्ट त्याला सॉल्ट म्हणतो. गोळीत तीन सॉल्ट असतील तर तिन्ही तपासायची, एकही सोडायचं नाही. नाडाचं ‘नो युवर मेडिसिन’ हे ॲप त्यासाठीच आहे. परदेशी खेळाडू वापरतात ते ‘ग्लोबल डीआरओ’ भारतात विकल्या जाणाऱ्या ब्रँडसाठी नाही, तिथे ब्रँड टाकून शोधत बसू नका.

तपासताना तीन गोष्टी पाहायच्या: पदार्थ कायम बंद आहे की फक्त स्पर्धेच्या काळात, तो कोणत्या मार्गाने घेतल्यावर बंद आहे (तोंडाने, इंजेक्शनने, इनहेलरने, त्वचेवर), आणि प्रमाणाची मर्यादा आहे का. निकालाचा स्क्रीनशॉट काढा, औषधाच्या स्ट्रिपचा फोटो काढा आणि दोन्ही तारखेसकट एकाच फोल्डरमध्ये टाका. पुढे कधी प्रश्न आला तर ‘आम्ही तपासलं होतं’ हे तोंडी सांगून चालत नाही, दाखवावं लागतं.

स्पर्धेचा काळ म्हणजे ज्या स्पर्धेत नाव आहे तिच्या आदल्या रात्री ११:५९ पासून शेवटचा सामना आणि त्यानंतरची चाचणी संपेपर्यंत. सामना दुपारी असला म्हणून सकाळी घेतलेली गोळी ‘आधीची’ होत नाही. शिवाय काल घेतलेलं औषध आज लघवीत असतंच.

सर्वात जास्त गोंधळ ब्रँडच्या शेपटीने होतो. खोकल्याच्या एकाच नावाच्या सिरपच्या तीन बाटल्या शेजारी मांडल्या, तर एकीत टर्ब्युटालिन, दुसरीत लेव्होसालब्युटामॉल आणि तिसरीत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असू शकतं. तिसरी चालते. पहिली कायम बंद आहे. दुसरीही सिरपच्या रूपात बंद. नावापुढे एलएस, डी, प्लस, एक्स असं काय लागलंय यावर सगळं अवलंबून. केमिस्टकडे ‘ते नाहीये, हे घ्या, सेमच आहे’ असं झालं की तिथेच उभं राहून पुन्हा सॉल्ट वाचा. रक्तदाबाच्या गोळ्यांत नावापुढचा ‘एच’ बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइडचा असतो आणि ते लघवी वाढवणारं औषध कायम बंदीच्या यादीत आहे.

डॉक्टरांना आत शिरल्या शिरल्याच सांगायचं: “डॉक्टर, ही नोंदणीकृत टेनिस खेळाडू आहे, हिची डोपिंग चाचणी होऊ शकते. वाडाच्या यादीतलं काही लिहू नका, आणि पर्याय नसेल तर तसं चिठ्ठीवर लिहून द्या.” फॅमिली डॉक्टर यादी पाठ करून बसलेले नसतात, तशी अपेक्षाही नको. त्यांनी औषध लिहावं, तपासायचं काम आपलं.

सर्दी, खोकला, दमा

पॅरासिटामॉल, सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक चालतात. सर्दीच्या गोळ्यांत हल्ली बहुधा फेनिलेफ्रिन असतं, तेही चालतं. स्यूडोएफेड्रिन असेल तर थांबा: लघवीत मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की स्पर्धेच्या काळात तो गुन्हा ठरतो. किमान २४ तास आधी बंद करायला सांगितलं जातं. आमचं मत स्पष्ट आहे, स्पर्धेच्या आठवड्यात ते घ्यायचंच नाही.

वेदनाशामकांत ट्रामाडॉलकडे लक्ष ठेवा. १ जानेवारी २०२४ पासून ते स्पर्धेच्या काळात बंद आहे आणि पाठ-खांद्याच्या दुखण्यावर पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत सर्रास दिलं जातं.

दम्याचे रुग्ण आपल्याकडच्या कोर्टवर कमी नाहीत. सालब्युटामॉलचा इनहेलर परवानगीशिवाय चालतो, पण २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कुठल्याही ८ तासांत ६०० च्या आत. आपल्याकडच्या नेहमीच्या इनहेलरमधून एका पफला १०० मायक्रोग्रॅम येतात, म्हणजे ८ तासांत सहा पफ ही हद्द झाली. फॉर्मोटेरॉलला २४ तासांत ५४ मायक्रोग्रॅमची मर्यादा. नाकातून किंवा इनहेलरने घेतलेल्या ब्युडेसोनाइडसारख्या स्टेरॉइडला अडचण नाही.

नेब्युलायझरचा हिशोब मात्र बहुतेकांनी केलेला नसतो. सालब्युटामॉलच्या एका रेस्प्यूलमध्ये (नेब्युलायझरमध्ये ओतायच्या छोट्या कुपीत) २.५ मिलिग्रॅम औषध असतं. म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम. एकाच वाफेत ६०० ची हद्द चौपट ओलांडली जाते. सालब्युटामॉलच्या गोळ्या आणि सिरप तर प्रमाण कितीही कमी असो, बंदच. इनहेलरची सूट सालब्युटामॉलच्या नावाने दिलेली आहे. लेव्होसालब्युटामॉललाही ती लागू होते असं गृहीत धरू नका, नाडाला लेखी विचारा.

मुलाला रात्री अटॅक आला आणि नेब्युलायझर लागला, तर तो द्यायचाच. नियमाच्या भीतीने उपचार थांबवायचे नसतात. नंतर लगेच केस पेपर, वेळ, डोस आणि डॉक्टरांची सही घ्यायची. पुढची वाट टीयूईच्या (उपचारासाठीच्या सुटीच्या अर्जाच्या) भागात दिली आहे.

इंजेक्शन आणि सलाईन

“फार थकवा आलाय, एक बाटली चढवू या” हे वाक्य ऑक्टोबर हीटमध्ये दवाखान्यात रोज ऐकू येतं. टेनिस खेळणाऱ्याने तिथे नाही म्हणायला शिकावं. १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं कायम बंद आहे. बाटलीत नुसतं मीठ-पाणी असलं, व्हिटॅमिन असलं, तरी बंद. कारण सरळ आहे, जास्त द्रव चढवला की रक्त पातळ होतं आणि चाचणीत दिसायच्या गोष्टी झाकल्या जातात. सलाईनची नेहमीची बाटली ५०० मिलिलिटरची असते. ऑस्ट्रेलियाचा मॅक्स पर्सेल, दुहेरीतला ग्रँड स्लॅम विजेता, याला व्हिटॅमिनची अशीच ड्रिप घेतल्याबद्दल १८ महिन्यांची बंदी झाली. त्यात बंदी असलेला एकही पदार्थ सापडला नव्हता.

सूट आहे ती रुग्णालयातल्या उपचारांना, शस्त्रक्रियेला आणि निदानासाठीच्या तपासण्यांना. पावसाळ्यात डेंग्यू किंवा गॅस्ट्रो होऊन ॲडमिट व्हावं लागलं तर सलाईन नियमात बसतं. तरीही डिस्चार्ज कार्डवर किती द्रव, कोणत्या तारखेला, कशासाठी, हे लिहून घ्या. आणि बाटलीत सिरिंजने आत सोडलेलं औषध वेगळं तपासा: फ्युरोसेमाइड किंवा हायड्रोकॉर्टिसोन असेल तर त्याचा नियम स्वतंत्र आहे. ॲडमिट न होता कोपऱ्यावरच्या दवाखान्यात तासभर पडून घेतलेली बाटली या सवलतीत बसेल, असं गृहीत धरू नका. साध्या थकव्याला ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, घोट घोट.

टेनिस एल्बो किंवा खांद्यासाठी सांध्यात स्टेरॉइड टोचतात. १ जानेवारी २०२२ पासून ग्लुकोकॉर्टिकॉइडचं, म्हणजे सूज उतरवणाऱ्या या स्टेरॉइडचं, कुठलंही इंजेक्शन स्पर्धेच्या काळात बंद आहे. पदार्थ शरीरातून जायला लागणारे दिवस वाडाने ठरवून दिलेत. सांध्याभोवती बीटामेथासोन, डेक्सामेथासोन किंवा मिथिलप्रेडनिसोलोन दिलं तर ३ दिवस, ट्रायमसिनोलोन किंवा प्रेडनिसोलोन दिलं तर १० दिवस. कमरेत म्हणजे स्नायूत दिलं तर बीटामेथासोन आणि डेक्सामेथासोनला ५, प्रेडनिसोलोनला १०, आणि ट्रायमसिनोलोनला तब्बल ६० दिवस. गोळ्यांना साधारण ३ दिवस. म्हणून डॉक्टरांकडून फक्त ‘सूज उतरायचं इंजेक्शन’ एवढंच ऐकून परतायचं नाही. व्हायलवरचं नाव, डोस, जागा आणि तारीख लिहून घ्यायची आणि पुढच्या स्पर्धेपर्यंतचे दिवस मोजायचे.

त्वचेवर लावायच्या स्टेरॉइड मलमाला बंदी नाही. फक्त क्लोबेटासोल आणि क्लोस्टेबोल यांत गल्लत करू नका. पहिलं खाज-इसबावरचं मलम. दुसरं ॲनाबॉलिक म्हणजे स्नायू वाढवणारं स्टेरॉइड, कायम बंद. इटलीच्या यानिक सिनरच्या नमुन्यात २०२४ मध्ये इंडियन वेल्सला हेच सापडलं. त्याच्या फिजिओने स्वतःच्या कापलेल्या बोटावर ते असलेला स्प्रे मारला होता आणि त्याच हातांनी मसाज केला. सापडलेलं प्रमाण अत्यल्प होतं. तरी प्रकरण वर्षभर चाललं आणि शेवटी वाडाबरोबरच्या तडजोडीत तीन महिने बाहेर बसावं लागलं. म्हणून फिजिओ, मसाज करणारे काका, ट्रेनर, यांना हाताला काय लावलंय हे विचारायला संकोच करू नका. मसाजच्या टेबलावरचं तेल आणि मलमही स्वतःचं न्या.

जिममध्ये ‘एनर्जीचं’ म्हणून मेफेन्टरमिनची इंजेक्शनं फिरतात. ते उत्तेजक आहे, यादीत आहे आणि हृदयाला घातक आहे. कोच किंवा ट्रेनर असं काही पुढे करत असेल तर त्याचाही तो स्वतंत्र गुन्हा ठरतो. अशा माणसाकडे पोराला एक दिवसही ठेवू नये.

घरातला औषधांचा डबा

इटलीच्या सारा एरानीच्या नमुन्यात २०१७ मध्ये लेट्रोझोल सापडलं. ती आईची कर्करोगावरची गोळी होती आणि स्वयंपाकघरात ती अन्नात पडली असावी, असा बचाव होता. क्रीडा लवादाने अपिलात बंदी दोन महिन्यांवरून दहा महिन्यांवर नेली.

आपल्या घरांत एकाच डब्यात आजोबांच्या हृदयाच्या, आजीच्या रक्तदाबाच्या आणि मुलांच्या तापाच्या गोळ्या एकत्र असतात. त्यांपैकी ट्रायमेटाझिडिन (छातीत दुखण्यासाठी), फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, हायड्रोक्लोरोथायाझाइड, इन्सुलिन, लेट्रोझोल, क्लोमिफेन ही सगळी खेळाडूला कायम बंद. उपाय सोपा आहे. खेळाडूच्या औषधांचा डबा वेगळा, त्यावर नाव, आणि तो ओट्यापासून लांब. गोळी अर्धी करायचा कटर आणि खलबत्ता कुणाशी वाटून घ्यायचा नाही, कारण गोळीची भुकटी दुसऱ्या गोळीला लागते आणि प्रयोगशाळेला मिलिग्रॅमच्या कोट्यवधीव्या भागातलंही सापडतं. स्पर्धेला जाताना आईने सुट्ट्या गोळ्या पुडीत बांधून देऊ नयेत, पूर्ण स्ट्रिप द्यावी.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट. पाळी पुढे ढकलायला नॉरेथिस्टेरॉन दिलं जातं. ते बंद नाही, पण शरीरात त्याचं रूपांतर होताना नँड्रोलोन या बंदी असलेल्या स्टेरॉइडच्या चाचणीत सापडणारा घटक तयार होतो. प्रयोगशाळेला हे ओळखता येतं, तरी चाचणीच्या फॉर्मवर गोळीचं नाव न विसरता लिहा. रक्तदाबावरचे बीटा ब्लॉकर टेनिसमध्ये बंद नाहीत, ते नेमबाजीसारख्या खेळांपुरते आहेत.

काढे, चूर्णं आणि भांग

आयुर्वेदिक आहे म्हणून सुरक्षित, हा समज इथे चालत नाही. अग्नितुंडी वटी आणि विषतिंदुक वटीत कुचला असतो. कुचल्यात स्ट्रिक्निन असतं आणि ते स्पर्धेच्या काळात बंद आहे. सोमलता म्हणजे एफेड्रा, त्यातून एफेड्रिन येतं. लेबलवर ‘विजया’ दिसलं तर ती भांग. ज्या पुडीवर घटकच लिहिलेले नाहीत, ती वैद्यांनी कितीही प्रेमाने दिली तरी खेळाडूसाठी नाही.

होळीला, महाशिवरात्रीला थंडाई पिताना आत भांग आहे का हे विचारून घ्या आणि शंका असेल तर ग्लास परत ठेवा. भांगेतल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाची लघवीतली मर्यादा मिलिलिटरला १५० नॅनोग्रॅम आहे. टीएचसी चरबीत साठतं आणि हळूहळू बाहेर येतं. त्यामुळे सणानंतर दहा-पंधरा दिवसांनी स्पर्धा आहे म्हणून निर्धास्त होता येत नाही. चहा-कॉफीला बंदी नाही.

पावडरीचा डबा

व्हे प्रोटीन, क्रिएटिन हे पदार्थ यादीत नाहीत. धोका असतो तो त्याच कारखान्यात, त्याच मशीनवर आधी काय भरलं गेलं याचा, किंवा मुद्दाम मिसळलेल्या उत्तेजकाचा. प्री-वर्कआउट आणि फॅट बर्नर हे दोन प्रकार सर्वांत वाईट. त्यात डीएमएए हे उत्तेजक निघतं आणि लेबलवर ते कधी ‘जिरेनियम एक्स्ट्रॅक्ट’ या निरुपद्रवी नावाने बसलेलं असतं. ऑस्टरिन आणि लिगँड्रोल ही स्नायू वाढवणारी रसायनंही अशीच शिरतात. एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना म्हणजे ते अन्न म्हणून विकायला परवानगी. डोपिंगच्या दृष्टीने तपासलंय असा त्याचा अर्थ होत नाही.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला बहुतेक वेळा यातलं काहीच लागत नाही. डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे आणि पुरेशी झोप यांवर त्याचं भागतं. तरीही घ्यायचंच असेल तर ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ असा शिक्का असलेलं घ्या. त्या संस्थेच्या संकेतस्थळावर हातातल्या डब्याचा बॅच नंबर टाकून पाहा. नुसता शिक्का छापता येतो, बॅच जुळली पाहिजे. बिल आणि डब्याच्या तळाचा फोटो ठेवा, आणि प्रत्येक बॅचमधलं थोडं मूळ डब्यातच राखून ठेवा. सुटी पावडर पिशवीत घ्यायची नाही. मित्राच्या शेकरमधून एक घोटही नाही.

औषध लागणारच असेल तर टीयूई

मधुमेहाला इन्सुलिन, एडीएचडीला मिथिलफेनिडेट, काही दम्याच्या रुग्णांना जादा डोस, हे टाळता येत नाही. त्यासाठी टीयूई म्हणजे उपचारासाठीची सूट मिळते. राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्याने अर्ज नाडाकडे करायचा, आंतरराष्ट्रीय पातळीच्या खेळाडूने आयटीआयएकडे. स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी.

अर्ज फेटाळला जातो तो बहुधा कागद अपुरे म्हणून. ‘अस्थमा आहे, औषध सुरू ठेवावे’ अशा दोन ओळींच्या चिठ्ठीवर काही मिळत नाही. आजाराचा इतिहास, तपासण्यांचे मूळ अहवाल (दम्यासाठी स्पायरोमेट्री, ब्रॉन्कोडायलेटर देण्याआधीची आणि नंतरची), बंदी नसलेली औषधं वापरून का भागलं नाही याचं कारण, औषधाचं सॉल्ट, डोस, मार्ग, कालावधी, आणि तज्ज्ञ डॉक्टरांची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. अक्षर लागत नसेल तर टाइप करून घ्या. तातडीच्या उपचारात आधी औषध आणि मग अर्ज करता येतो, पण तो उपचारानंतर लगेच. मंजुरीवर मुदत असते, ती संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

नमुना द्यायची वेळ

सामना संपला, हस्तांदोलन झालं आणि एक व्यक्ती ओळखपत्र दाखवून म्हणाली की तुमची निवड झाली आहे. त्या क्षणापासून नमुना देऊन होईपर्यंत तिच्या नजरेआड जायचं नाही. शॉवर नाही, एकट्याने टॉयलेट नाही. पारितोषिक समारंभ, कूल डाउन, दुखापतीवर उपचार, पुढचा सामना किंवा पालक-कोचला शोधणं, यांसाठी वेळ मागता येतो, पण बरोबर ती व्यक्ती असणार. अठरा वर्षांखालच्यांनी प्रतिनिधी बरोबर घ्यावाच.

दमट हवेत तीन सेट खेळल्यावर लघवी यायला दीड-दोन तास सहज लागतात. तेव्हा बाटल्यांवर बाटल्या पाणी प्यायचं मन होतं. तसं करू नका. लघवी पातळ झाली की नमुना चालत नाही आणि पुन्हा द्यावा लागतो. ९० मिलिलिटर लागतात आणि विशिष्ट गुरुत्व (लघवी किती दाट आहे त्याचं माप) १.००५ किंवा वर हवं (१५० मिलिलिटर किंवा जास्त दिलं तर १.००३ चालतं). पाणी सीलबंद बाटलीतून, स्वतः उघडून. उघडी ठेवलेली बाटली पुन्हा तोंडाला लावू नका.

खोलीत गेल्यावर एकापेक्षा जास्त भांड्यांतून आणि किटमधून आपलं आपण निवडायचं. वेष्टन फाटलंय का, ते स्वच्छ आहे का पाहा. नमुना देताना त्याच लिंगाचा अधिकारी समोर असतो आणि त्याला लघवी भांड्यात पडताना दिसली पाहिजे. मुलांना याची कल्पना घरूनच द्या, नाहीतर ती भांबावतात. पालक खोलीत असतात, पण ते नमुना देताना पाहत नाहीत. मग ए आणि बी अशा दोन बाटल्या. बी मध्ये ३० मिलिलिटर, ए मध्ये ६०, आणि तळाशी थोडं गुरुत्व मोजायला. ओतणं आणि झाकण घट्ट करणं खेळाडूने स्वतः करायचं. बाटल्यांवरचा, खोक्यावरचा आणि फॉर्मवरचा क्रमांक एकच आहे ना, हे आकडा आकडा वाचून जुळवा. ९० पूर्ण झाले नाहीत तर तेवढंच तात्पुरतं सील करतात आणि तुम्ही थांबता.

फॉर्मवर गेल्या ७ दिवसांतली सगळी औषधं आणि सप्लिमेंट लिहायची असतात. ही यादी मोबाइलमध्ये रोजच्या रोज भरलेली असली की तिथे आठवत बसावं लागत नाही. कुठे काही चुकीचं वाटलं, तर शेरा लिहायची जागा त्याच फॉर्मवर आहे. तिथे लिहा, सही करा, प्रत घ्या. नमुने दहा वर्षांपर्यंत राखून पुन्हा तपासता येतात, म्हणून प्रतही जपा.

काहीही झालं तरी नमुना न देता निघून जायचं नाही. सर्बियाच्या व्हिक्टर ट्रॉइकीने २०१३ मध्ये माँटे कार्लोला बरं वाटत नाही म्हणून रक्ताचा नमुना त्या दिवशी दिला नाही, दुसऱ्या दिवशी दिला. तो स्वच्छ निघाला. तरी १८ महिन्यांची बंदी झाली, ती अपिलात १२ वर आली.

ठावठिकाणा

हे सगळ्यांना लागू नाही, फक्त नोंदणीकृत चाचणी गटात नाव आलेल्यांना. तसं लेखी कळवलं जातं. दर तिमाहीला पुढच्या प्रत्येक दिवसाचा मुक्काम आणि पहाटे ५ ते रात्री ११ मधला ६० मिनिटांचा एक ठरलेला स्लॉट भरायचा. बारा महिन्यांत तीन चुका, मग त्या चुकलेल्या भेटी असोत की चुकीची माहिती, की तो गुन्हा झाला. स्वीडनच्या मिकाएल इमेरला एकही पदार्थ न सापडता याच कारणाने १८ महिने बसावं लागलं.

इथल्या खेळाडूने स्लॉट घरी, सकाळी ६ ते ७ असा ठेवावा. संध्याकाळी कोर्टवरचा ठेवला तर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकवर सगळं सोडावं लागतं. पत्त्यात टॉवर, विंग, मजला, फ्लॅट आणि कोणत्या गेटने यायचं तेही लिहा. मोठ्या सोसायट्यांत खरी अडचण गेटवर होते. वॉचमन नाव विचारतो, इंटरकॉम कुणी उचलत नाही, आणि अधिकारी खालीच राहतो. ती भेट तुमच्या नावावर चुकलेली म्हणून लागते. पहाटे कुणी नाव घेऊन आलं तर वर सोडा, असं वॉचमनकाकांना आणि रात्रपाळीच्या माणसालाही सांगून ठेवा, बेल चालू ठेवा. अधिकारी फोन करेलच यावर विसंबू नका. बेत बदलला, पुण्याला स्पर्धा लागली, ट्रेन चुकली, तर स्लॉट सुरू व्हायच्या आत ॲपवर बदल करा.

पत्र आलंच तर

पॉझिटिव्ह नमुन्याची नोटीस आली की पहिल्या तासात दोन कामं: पत्रातल्या सगळ्या मुदती लिहून काढा, आणि घरातलं एकही औषध, एकही डबा फेकू नका. पोलंडच्या इगा श्विऑनतेकच्या नमुन्यात २०२४ मध्ये ट्रायमेटाझिडिन सापडलं. तिने घेतलेली मेलाटोनिनची गोळीच दूषित होती, हे प्रयोगशाळेत सिद्ध करता आलं आणि शिक्षा एका महिन्यावर राहिली. दूषित डबा हाती नसता तर ते अवघड होतं.

बी नमुना उघडायची मागणी मुदतीत करावी लागते. ॲनाबॉलिक स्टेरॉइडसारख्या पदार्थांत तात्पुरती बंदी लगेच लागते. चार वर्षांची शिक्षा होऊ शकणाऱ्या प्रकरणात २० दिवसांत कबुली देऊन शिक्षा मान्य केली तर एक वर्ष कमी होतं. पण स्रोत माहीत नसताना घाबरून सही करू नका, आधी खेळाच्या कायद्याचा वकील गाठा. नाडाच्या प्रकरणात सुनावणी शिस्तपालन मंडळासमोर, त्यावर अपील मंडळ, आणि आंतरराष्ट्रीय खेळाडूंना लोझानचा क्रीडा लवाद. रोमानियाच्या सिमोना हालेपची चार वर्षांची बंदी तिथे नऊ महिन्यांवर आली, पण निकाल येईपर्यंत तिचं जवळपास दीड वर्ष गेलं होतं. सोळा वर्षांखालच्यांना आणि चाचणी गटात नसलेल्या बऱ्याच अठराच्या आतल्यांना नियमांत संरक्षित व्यक्ती मानलं जातं आणि त्यांच्या शिक्षेत बरीच सूट मिळू शकते. जन्मदाखला पहिल्याच उत्तराला जोडा.

बंदीच्या काळात संघटनेशी जोडलेल्या कुठल्याही स्पर्धेत खेळता येत नाही, दुसऱ्या खेळातही नाही. संघटनेशी संलग्न अकॅडमीत सरावही बंद. शेवटचे दोन महिने किंवा बंदीचा शेवटचा चतुर्थांश, यांतलं जे कमी असेल, तेवढ्या काळात सरावाला परतता येतं. त्याआधी कुठे सराव करायचा असेल तर तो संघटनेबाहेरच्या खाजगी कोर्टवर, आणि ते कोर्ट तसंच आहे का, हे लेखी विचारून.